शिंगातलं मीठ आणि दलाई लामा

२ जुलै २०२५ ला दलाई लामांनी जाहीर केलं, की दलाई लामांची परंपरा आपल्यानंतरही चालू राहील आणि पुढचे दलाई लामा शोधण्याचा अधिकार फक्त त्यांच्या गादेन फोद्रांग ट्रस्टला असेल. चार दिवसांनी ते नव्वद वर्षांचे झाले. चीनने ताबडतोब सुनावलं, आमच्या मंजुरीशिवाय निवड होणार नाही. टीव्हीवर ही चर्चा रंगलेली असताना शेजारच्या काकांनी मला विचारलं, "म्हणजे हे बौद्धांचे पोपच ना? मग आपल्या तळमजल्यावरच्या घरात भिंतीवर बुद्ध आहेत, बाबासाहेब आहेत, हे कुठे आहेत?"

प्रश्न भाबडा असला तरी रास्त आहे. थायलंडचा भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाही, जपानमधला बौद्ध पुरोहित बायकोमुलांत राहतो, तिबेटी लामा पुनर्जन्म घेऊन परत येतो आणि नागपूरचा बौद्ध पुनर्जन्माची ही कल्पनाच मानत नाही. हे सगळे एकाच धर्माचे कसे? याचं उत्तर देताना मला काकांना आधी मिठाची गोष्ट सांगावी लागली.

## आधी, सगळ्यांचं सामाईक काय?

बुद्ध, धम्म आणि संघ या तिघांना शरण जाणं. जगण्यात दुःख आहे, त्याला कारण आहे, ते थांबू शकतं आणि थांबवण्याचा मार्ग आहे, ही चार आर्यसत्यं. सगळं बदलत राहतं आणि 'मी' म्हणून कायमचं, न बदलणारं असं आत काही बसलेलं नाही, ही समज. गृहस्थांसाठी पाच शीलं: हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि नशा यांपासून दूर राहणं. एवढ्या गोष्टी कोलंबोपासून क्योतोपर्यंत कुठल्याही विहारात थोड्याफार फरकाने सापडतात. (नागपूरने यातल्या एकदोन गोष्टींवरही प्रश्न विचारले आहेत, पण ते पुढे.)

बुद्धांनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही आणि गादीवर कुणाला बसवलंही नाही. परंपरा सांगते, की महापरिनिर्वाणानंतर राजगृहात पाचशे भिक्खू जमले. आनंदांनी उपदेश म्हणून दाखवला, उपालींनी नियम म्हणून दाखवले आणि बाकीच्यांनी ते घोकले. या सामूहिक पठणाला 'संगीती' म्हणतात. मठाधिपती नाही, पोथी नाही. आहे ते पाठांतर आणि एकमत. दोन्ही गोष्टी किती नाजूक असतात हे आपल्याकडच्या कुठल्याही मंडळात काम केलेल्या माणसाला सांगायला नको.

## शिंगातलं मीठ

सुमारे शंभर वर्षांनी वैशालीत ठिणगी पडली. यश नावाचे भिक्खू तिथे गेले, तर काय दिसलं? उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या, दिवशी तिथले भिक्खू पाण्याचं भांडं मांडून उपासकांकडून नाणी गोळा करत होते. यशांनी हरकत घेतली. मग यादीच निघाली, दहा मुद्द्यांची.

थेरवादी, म्हणजे आज श्रीलंका-थायलंडकडे असलेल्या परंपरेच्या, ग्रंथांत ही यादी शब्दशः आहे आणि मला ती फार आवडते, कारण तिच्यात ना ईश्वर आहे ना मोक्ष. पहिलाच मुद्दा: भिक्खूने शिंगात मीठ साठवून ठेवावं का? म्हणजे भिक्षेत अळणी काही आलं तर वरून घालायला. अन्न साठवायचं नाही असा नियम. मग मीठ हे अन्न की नाही? दुसरा: मध्यान्हीनंतर जेवायचं नाही हे मान्य, पण सावली दोन बोटं सरकेपर्यंत चालेल का? आणखी एक: जे दूध राहिलेलं नाही आणि दही झालेलं नाही, असं अर्धवट विरजलेलं, जेवणानंतर प्यावं का? आणि ताडी होण्याआधीचा रस, आपण नीरा म्हणतो तसलं काही, ते चालेल का? शेवटचा मुद्दा सोनं-चांदी घेण्याचा. खरं दुखणं तिथेच असावं.

दहाही मुद्दे फेटाळले गेले. पण त्याच सुमाराला संघ दोन गटांत वेगळा झाला: स्थविर, म्हणजे ज्येष्ठांच्या वाटेने जाणारे, आणि महासांघिक, म्हणजे मोठ्या समूहाचे. थेरवादी ग्रंथ म्हणतात, समोरच्यांनी नियम सैल केले. महासांघिकांकडचा एक ग्रंथ म्हणतो, ज्येष्ठांनीच नवे नियम घुसवायला सुरुवात केली होती. नेमकं कोण खरं बोलतंय याचा निकाल अभ्यासकांनाही लावता आलेला नाही. एक मात्र ठळक दिसतं: पहिली फूट पडली ती ईश्वर कोण, ग्रंथ कुठला यावरून नव्हे, तर वागायचं कसं यावरून.

## सोसायटीचे नियम आणि घरातला देव्हारा

इथे दोन शब्द समजून घेतले की पुढचा सगळा गुंता सुटतो.

'निकाय' म्हणजे भिक्खू ज्या नियमावलीखाली दीक्षा घेतो ती परंपरा. जुने ग्रंथ असे अठरा निकाय मोजतात. 'यान' म्हणजे गाडी, वाहन. कुठल्या ध्येयाकडे, कुठल्या मार्गाने जायचं ती दृष्टी. निकाय हा आपल्या हाउसिंग सोसायटीच्या नियमांसारखा: पाणी कधी येणार, गाडी कुठे लावायची, जिन्यात चपला ठेवायच्या की नाही. यान म्हणजे ज्याच्या त्याच्या घरातला देव्हारा. एकाच जिन्यात गणपतीवाला, दत्तवाला आणि काहीच न मानणारा राहतो आणि तिघं मेंटेनन्स मात्र एकाच दराने भरतात.

प्राचीन भारतातल्या विहारांत असंच होतं. सातव्या शतकाच्या शेवटी आलेला चिनी भिक्खू इ-त्सिंग लिहून गेला आहे, की दोन्ही यानांचे लोक विनय, म्हणजे नियम, एकच पाळतात. जे बोधिसत्त्वांना (ते कोण, हे पुढे येईलच) वंदन करतात आणि महायान सूत्रं वाचतात ते महायानी, न करणारे दुसरे. बस, एवढाच फरक. त्याच्या काही दशकं आधी ह्युएन त्संग पुलकेशीच्या राज्यात, आपल्या महाराष्ट्रात, येऊन गेला. त्याने इथे शंभरेक विहार आणि पाचेक हजार भिक्खू असल्याचं नोंदवलं आणि ते दोन्ही यानांचा अभ्यास करतात असंही लिहिलं. (मराठी माणूस उपकार विसरत नाही आणि अपमानही विसरत नाही, हा शेराही त्याचाच. पण तो वेगळा विषय.)

शाळेच्या पुस्तकातली 'धर्म फुटला आणि हीनयान व महायान असे दोन पंथ झाले' ही ओळ म्हणूनच फसवी आहे. फूट पडली ती निकायांत. महायान हा विचार त्या सगळ्या निकायांमधून हळूहळू पसरत गेला.

निकायांची नावं तर आपल्याच डोंगरांवर कोरलेली आहेत. कार्ल्याच्या शिलालेखात महासांघिकांना दिलेल्या दानाची नोंद आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतलं तीन नंबरचं देखणं लेणं गौतमी बलश्रीने, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, भद्रायणीय निकायाच्या भिक्खूंना दिलं. आपण तिथे फोटो काढून परत येतो. सोसायटीच्या पाटीकडे बघतच नाही.

## अजिंठ्याचं दहा नंबर आणि सव्वीस नंबर

अजिंठ्याला गाइडकडे एक सोपं सूत्र असतं: मूर्ती नाही म्हणजे हीनयान, मूर्ती आहे म्हणजे महायान. दहा नंबरच्या लेण्यात शिरलं की समोर नुसता स्तूप. इसवी सनापूर्वीचं काम. लाकडी छपराचा भास देणारी कमान, अष्टकोनी खांब आणि शेवटी तो भला मोठा, गुळगुळीत, अबोल अर्धगोल. पण खांबांवर टॉर्च मारला तर बुद्धांची रंगीत चित्रं दिसतात आणि पर्यटक गोंधळतात. ती चित्रं पाचसहाशे वर्षांनंतर, पाचव्या शतकात काढलेली आहेत. (त्याच लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि आपलं नाव कोरून ठेवलंय. बदामात नाव कोरणाऱ्यांचा मूळपुरुष.)

तिथून सव्वीस नंबरला जा. हाही चैत्यच, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, पण इथे स्तूपाच्या पुढ्यातच बुद्ध पाय खाली सोडून बसलेत आणि डाव्या भिंतीवर सुमारे सात मीटर लांबीचं महापरिनिर्वाण आहे. उशीवर डोकं टेकलेले बुद्ध, खाली शोक करणारे शिष्य, वर आनंदाने वाद्यं वाजवणारे देव. काय बदललं होतं मधल्या काळात?

मूर्ती आली, एवढं उत्तर पुरत नाही. श्रीलंकेतले कट्टर थेरवादीही प्रचंड बुद्धमूर्ती घडवतात. खरा बदल दानलेखांत वाचायला मिळतो. पाचव्या शतकातले अजिंठ्याचे शाक्यभिक्षू दान देताना लिहितात, की याचं जे पुण्य असेल त्याने सर्व प्राणिमात्रांना अनुत्तर ज्ञान मिळो. अनुत्तर ज्ञान म्हणजे बुद्धत्व. मी सुटलो म्हणजे झालं, असं नाही; सगळ्यांनी बुद्ध व्हावं. ज्याने ही शपथ घेतली तो बोधिसत्त्व. महायानाचा गाभा इथे आहे. जोडीला नागार्जुनांसारख्या आचार्यांनी मांडलेली शून्यता: कुठलीच गोष्ट स्वतःच्या बळावर, एकटी, उभी नसते. आपल्या खोलीतला 'कोपरा' घ्या. दोन भिंती आहेत म्हणून कोपरा आहे. भिंती काढा आणि कोपरा उचलून आणा म्हटलं तर काय आणाल? कोपरा खोटा नव्हता, पण वेगळा असा कधी नव्हताच.

हे झालं पंडितांचं. व्यापाऱ्यांचं महायान बघायचं तर औरंगाबादच्या सात नंबरच्या लेण्याच्या ओसरीत उभं राहा. मधोमध अवलोकितेश्वर बोधिसत्त्व आणि दोन्ही बाजूंना चार-चार छोटे प्रसंग: आग, चोर, बेड्या, बुडणारं जहाज, सिंह, साप, हत्ती, मृत्यू. प्रत्येक प्रसंगात माणूस हात जोडतो आणि बोधिसत्त्व धावून येतो. त्या काळच्या व्यापारी तांड्याला प्रवासात ज्याची ज्याची धास्ती होती त्याची ही यादीच आहे.

आता 'हीनयान' या शब्दाबद्दल. हा शब्द महायानी ग्रंथांनी समोरच्याला चिकटवलेला. हीन म्हणजे हलका, कमी प्रतीचा. सद्धर्मपुंडरीक सूत्रात एक दृष्टांत आहे: घराला आग लागली आहे आणि आत मुलं खेळात रमली आहेत. बाप ओरडतो, बाहेर या, तुमच्यासाठी बोकडाची गाडी आहे, हरणाची गाडी आहे, बैलगाडी आहे. मुलं धावत बाहेर येतात तेव्हा तो सगळ्यांना एकच मोठी, सजवलेली गाडी देतो. छोट्या गाड्या ही नुसती बाहेर काढण्याची युक्ती होती, असा रोख. दृष्टांत सुंदर आहे, पण छोट्या गाडीवाल्याला तो कसा वाटेल? फलकांवरून आणि पाठ्यपुस्तकांतून हा शब्द काढायला हवा. शिवाय तो थेरवादाचा समानार्थी शब्दही नाही. थेरवाद हा त्या अठरांपैकी एक.

## थेरवाद: ज्येष्ठांची वाट

स्वतःच्या नावाने, स्वतंत्र परंपरा म्हणून तो एकच आज वाचलाय, कारण तो समुद्रापार गेला. अशोकाच्या काळात त्याचा मुलगा महिंद श्रीलंकेत पोचले, मागोमाग मुलगी संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन गेल्या. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात तिथे दुष्काळ पडला, पाठांतर करणारे भिक्खू मरू लागले, तेव्हा अलुविहार इथे सगळं पाली साहित्य पहिल्यांदा ताडपत्रांवर उतरवलं गेलं, असं तिथला इतिहास सांगतो. तेच तिपिटक. पुढे म्यानमार, थायलंड, कंबोडिया, लाओस याच वाटेने गेले.

इथला भिक्खू २२७ नियम पाळतो. सकाळी पात्र घेऊन भिक्षेला निघतो, मध्यान्हीनंतर जेवत नाही. थायलंडमध्ये अनेक तरुण लग्नाआधी काही आठवडे चीवर घालून येतात. आईला पुण्य लागतं म्हणून. आपल्याकडे ओळखीची असलेली विपश्यना इथलीच. इगतपुरीच्या धम्मगिरीत जी दहा दिवसांची शिबिरं होतात त्यांची पद्धत सत्यनारायण गोएंका म्यानमारमध्ये सयाजी उ बा खिन यांच्याकडून शिकून १९६९ मध्ये भारतात घेऊन आले. उ बा खिन हे भिक्खू नव्हते, सरकारी हिशेबनीस होते. दहा दिवस मौन धरून बसायचं आणि श्वासाकडे, अंगावरच्या संवेदनांकडे बघत राहायचं. गोएंकाजी तिला कुठल्या एका संप्रदायाची म्हणत नसत.

## चीन, जपान आणि सेवाग्राम

महायान रेशीममार्गाने चीनमध्ये गेलं. दुसऱ्या शतकापासून भाषांतरं सुरू झाली, ४०१ मध्ये कुमारजीव चांगआनला पोचले आणि त्यांची चिनी भाषांतरं आजही म्हटली जातात. ध्यानाला पालीत 'झान'; त्याचं चिनीत 'छान' झालं, कोरियात 'सोन', जपानमध्ये 'झेन'. महागड्या सोफ्यांच्या जाहिरातीत येणारं झेन ते हेच, आपलं ध्यान.

पण चीन-जपानातली सगळ्यात लोकप्रिय वाट झेनची नव्हे, ती अमिताभ बुद्धांच्या नामाची. शिनरान (११७३ ते १२६३) म्हणाले, आपल्यासारख्या दुबळ्या माणसांच्या साधनेने काही होणार नाही. 'नामु अमिदा बुत्सु' म्हणा आणि अमिताभांवर सोपवा. त्यांनी उघडपणे संसारही केला. वारकऱ्यांच्या घरात वाढलेल्यांना नामाचा महिमा वेगळा समजावून सांगायला नको. पुढे १८७२ मध्ये जपान सरकारने सगळ्याच पंथांच्या भिक्षूंना लग्न आणि मांसाहार मोकळा केला, म्हणून आज तिथे बापाचं मंदिर मुलगा चालवतो.

त्याच जपानचे निचिरेन (१२२२ ते १२८२) यांनी मात्र नाम बदललं: सद्धर्मपुंडरीक सूत्रालाच वंदन करा, 'नाम् म्यो हो रेंगे क्यो'. हा मंत्र ओळखीचा वाटतोय? वर्ध्याला गेला असाल तर ऐकला असेल. भिक्षू निचिदात्सु फुजी १९३३ मध्ये गांधीजींना वर्ध्यात भेटले आणि तो मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आला. सेवाग्रामच्या प्रार्थनेत आजही तो म्हणतात.

## वज्रयान, आणि काकांचे 'पोप'

वेरूळच्या बारा नंबरच्या लेण्याला तीन ताल म्हणतात. बाहेरून ते एखाद्या सरकारी वसतिगृहासारखं दिसतं, तीन मजले आणि सरळ खांब. आत भिंतीवर नऊ चौकोनांची एक चौकट कोरली आहे. मधल्या घरात बुद्ध, भोवतीच्या आठ घरांत आठ बोधिसत्त्व. हे मंडल. भारतात दगडात टिकलेल्या जुन्या मंडलांपैकी हे एक.

वज्रयान हे महायानाचंच पुढचं वळण. ध्येय तेच, सर्वांसाठी बुद्धत्व, पण वाट जलद: मंत्र, मुद्रा, मंडल आणि स्वतःलाच बुद्धरूपात पाहण्याची ध्यानं. पाककृतीचं पुस्तक आणि आजीच्या शेजारी उभं राहून शिकणं यात जो फरक, तो इथे. काही गोष्टी कागदावर उतरत नाहीत, म्हणून गुरू लागतो. तिबेटी लोक शरण जाताना आधी लामाला, म्हणजे गुरूला, मग बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जातात. तीनाचे चार होतात ते इथे.

आठव्या शतकात नालंदेचे शांतरक्षित आणि पद्मसंभव तिबेटात गेले, १०४२ मध्ये अतीश गेले. न्यिंगमा, काग्यू, साक्य आणि गेलुग अशा चार मोठ्या परंपरा तिथे तयार झाल्या. दलाई लामा गेलुग परंपरेतले. गंमत म्हणजे त्या एका परंपरेचेही ते औपचारिक प्रमुख नाहीत. ते पद 'गादेन त्रिपा' यांचं असतं आणि ते विद्वत्तेवर मिळतं. दलाई ही पदवी मंगोल राजा अल्तान खान याने १५७८ मध्ये दिली आणि १६४२ पासून दलाई लामांकडे तिबेटची राजसत्ता आली. राजकीय अधिकार सध्याच्या दलाई लामांनी २०११ मध्ये स्वतःहून सोडला.

मग चीन एवढा हट्टाला का पेटलाय? कारण तिबेटी माणसाच्या मनावर अजून त्यांचीच सत्ता आहे. १७९३ मध्ये चिंग सम्राटाने सोन्याच्या कलशातून चिठ्ठी काढून लामा निवडण्याची पद्धत घालून दिली होती. चीन तिचाच दाखला देतो. १९९५ मध्ये दलाई लामांनी पंचेन लामा (गेलुग परंपरेतले दलाई लामांच्या खालोखालचे लामा) म्हणून ओळखलेला सहा वर्षांचा मुलगा चीनने ताब्यात घेतला आणि तो पुन्हा लोकांसमोर आला नाही.

तेव्हा काकांचं उत्तर: पोप नाहीत. श्रीलंकेतल्या भिक्खूवर त्यांचा आदेश चालत नाही, टोकियोतल्या पुरोहितावर नाही आणि तळमजल्यावरच्या घरावर तर नाहीच. त्या घराची वाट वेगळी आहे.

## नागपूर, १४ ऑक्टोबर १९५६

बाबासाहेबांना त्रिशरण आणि पंचशील दिलं कुशीनगरला राहणाऱ्या ब्रह्मी थेरवादी महास्थविर चंद्रमणी यांनी. निकायाच्या भाषेत, दार थेरवादाचं होतं. पण लगेचच बाबासाहेबांनी स्वतः लाखो लोकांना दीक्षा दिली, वर बावीस प्रतिज्ञा दिल्या. गृहस्थाने गृहस्थांना दीक्षा देणं हेच केवढं धाडस! आदल्या दिवशीच्या पत्रकार परिषदेत ते म्हणाले होते, की हीनयान-महायानाच्या वादात आपल्याला पडायचं नाही. हवं तर याला नवयान म्हणा.

'द बुद्ध अँड हिज धम्म' या त्यांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी चार अडचणी मांडल्या आहेत. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडतो, हे पटतं का? एकोणतीस वर्षं त्याने यातलं काहीच पाहिलं नव्हतं? चार आर्यसत्यं मूळची की नंतरची? आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे? आणि भिक्खू कशासाठी, स्वतः परिपूर्ण होण्यासाठी की समाजाच्या सेवेसाठी? त्यांच्या मांडणीत सिद्धार्थ घर सोडतो ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांमध्ये पेटलेल्या भांडणात युद्धाला विरोध केला म्हणून. १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावणाऱ्या माणसाला बुद्धचरित्रात नेमकं पाण्याचं भांडण महत्त्वाचं वाटावं, हा मला तरी योगायोग वाटत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाख बौद्ध होते. त्यातले ६५ लाख महाराष्ट्रात. 'नवबौद्ध' हा शब्द मात्र यातल्या अनेकांना खटकतो. आम्ही नवे कसे, आम्ही बौद्धच, असं ते म्हणतात. बोलताना तेवढं भान ठेवावं.

## "पण देवच नाही म्हणता, मग एवढे देव कुठून आले?"

हा प्रश्न हमखास येतो. बुद्धांनी जग निर्माण करणारा, पापपुण्याचा निवाडा करणारा ईश्वर मांडला नाही. इंद्र-ब्रह्मा पाली ग्रंथांतही भेटतात, पण तेही जन्ममरणात अडकलेले, बुद्धांकडे शिकायला येणारे. महायानातले अमिताभ, अवलोकितेश्वर किंवा तारा भक्ताला देवासारखेच असतात, हे मान्य करायला हवं; तत्त्वज्ञ त्यांना करुणेची, प्रज्ञेची रूपं म्हणतात. आंबेडकरी बौद्ध हे सगळंच बाजूला ठेवतात आणि बुद्ध विष्णूचा अवतार आहे हेही साफ नाकारतात. ती बावीसपैकी पाचवी प्रतिज्ञा आहे.

आणि हो, दुकानाच्या गल्ल्यावर पोट सोडून हसत बसलेला लाफिंग बुद्धा हा गौतम बुद्ध नव्हे. तो बुदाई, पोतं घेऊन हिंडणारा चिनी भिक्षू. लोकांनी त्याला भावी बुद्ध मैत्रेयाचं रूप मानलं.

## "मांस चालतं की नाही?"

थेरवादी भिक्खू पात्रात पडेल ते खातो, फक्त प्राणी आपल्यासाठी मारल्याचं पाहिलेलं, ऐकलेलं किंवा तसा संशय असता कामा नये. चिनी भिक्षू पूर्ण शाकाहारी असतात, कांदा-लसूणही नाही. तिबेटच्या पठारावर भाजी उगवायची कुठे, म्हणून तिथे मांस आलं.

## "मग बायकांचं काय?"

हा आक्षेप सगळ्याच परंपरांना झोंबतो. भिक्खुणी संघ बुद्धांनीच सुरू केला, पण थेरवादात ती साखळी मध्ययुगात तुटली. दीक्षा द्यायला आधीच्या भिक्खुणी लागतात. त्याच उरल्या नाहीत तर? सुटका इतिहासानेच केली. ४३३ मध्ये श्रीलंकेच्या भिक्खुणींनी चीनमध्ये जाऊन तिथला भिक्षुणी संघ उभा केला होता. त्याच चिनी परंपरेच्या मदतीने १९९६ मध्ये सारनाथला आणि १९९८ मध्ये बोधगयेला श्रीलंकेच्या स्त्रियांना पुन्हा दीक्षा मिळाली. थायलंडचा संघ ती अजून मानत नाही. तिबेटी परंपरेत २०१६ मध्ये वीस भिक्षुणींना 'गेशेमा' ही सर्वोच्च पदवी मिळाली.

## "ते सगळं ठीक, पण मूळ कोणता?"

काकांनी शेवटी हेच विचारलं. पाली तिपिटकात खूप जुना मजकूर आहे, पण चिनी भाषांतरांत जपलेली आगम सूत्रंही तितकीच जुनी आहेत आणि बऱ्याच ठिकाणी दोन्ही जुळतात. यापलीकडे मी त्यांना झाडाची गोष्ट सांगितली.

बोधगयेचा जुना पिंपळ १८७६ मध्ये वादळात पडला. आज लोक ज्याची पानं पुस्तकात जपून ठेवतात ते झाड इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने १८८१ मध्ये लावलेलं आहे. श्रीलंकेत अनुराधपूरला मात्र संघमित्रांनी नेलेल्या फांदीचं झाड अजून उभं आहे. म्हणजे मूळ जागेवरचं झाड दीडशे वर्षांचंही नाही आणि परदेशी गेलेली फांदी दोन हजार वर्षांहून जुनी.

दीक्षाभूमीच्या आवारातला बोधिवृक्ष कुठून आला, असं काकांनी विचारलं. तो भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपूरहून आणलेल्या फांद्यांचा.